लागलं तर कोण बघणार?

खेळात नाव काढलेल्या मुलीची बातमी आपल्याकडे एकाच साच्यातून निघते. वडील रिक्षा चालवतात किंवा दुसऱ्याच्या रानात राबतात. आईनं गळ्यातलं गहाण टाकलं. पोरगी पहाटे चारला उठून, उसवलेल्या बुटांनी डांबरी रस्त्यावर धावली आणि पदक घेऊन आली. वर मथळा ‘परिस्थितीवर मात’, नाहीतर ‘जिद्दीला सलाम’. मी शाळेत पीटी शिकवत होते तोवर अशी कात्रणं कौतुकानं कापून फलकावर लावत असे, मुलींना मोठ्यानं वाचून दाखवत असे. आज लावणार नाही. त्या प्रत्येक बातमीत कुणीतरी खर्च केलेला असतो, आणि ज्यांनी तो करायला हवा होता त्यांचं नाव बातमीत कुठंही नसतं. जिद्दीचं कौतुक आपण इतकं भरभरून करतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

माझं हे मत बनलं ते एका ऑस्ट्रेलियन मुलीची कारकीर्द बारकाईनं पाहताना. तिचं नाव एली कारपेंटर. फुटबॉलमध्ये ती उजव्या बगलेची बचावपटू, म्हणजे राइट बॅक. समोरच्या विंगरला रेषेवर रोखायचं, चेंडू मिळाला की त्याच रेषेवरून पुढं धावत जायचं, हल्ला फसला की तेवढंच अंतर परत मागं यायचं, हे तिचं काम. गोल बहुधा दुसरीच्या नावावर लागतो.

तिचा जन्म २८ एप्रिल २००० चा, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या काउरा गावचा. लॅकलन नदीकाठचं, सिडनीपासून तीनशेएक किलोमीटर आत, दहा हजार वस्तीच्या आसपासचं शेतीभातीचं गाव. आई-वडील दोघंही शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. पंधराव्या वर्षी ती वेस्टर्न सिडनी वाँडरर्सकडून राष्ट्रीय लीगमध्ये खेळली, सोळाव्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये देशाकडून. पुढं कॅनबेरा, अमेरिकेत पोर्टलँड, मग मेलबर्न, २०२० मध्ये फ्रान्समधलं लियाँ, २०२५ मध्ये लंडनचं चेल्सी. हेसुद्धा जिद्दीचं कात्रण करून सांगता येईल. एवढ्याशा गावातली पोर, लहान वयात घरचा परिसर सोडते, जग जिंकते. पण असं सांगितलं की मधला सगळा रस्ता पुसला जातो, आणि मला बोलायचं आहे ते त्या रस्त्याबद्दल.

सिडनीच्या पश्चिम भागात वेस्टफील्ड्स स्पोर्ट्स हायस्कूल नावाची शाळा आहे. सरकारी शाळा. इथं खेळ शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला असतो. गणित आणि इतिहासासारखाच त्यालाही तास, त्यालाही शिक्षक. पुरुष फुटबॉलमधला ऑस्ट्रेलियाचा गाजलेला खेळाडू हॅरी क्यूवेल याच शाळेचा, आणि कारपेंटरही. अभ्यासातून वेळ चोरून तिला खेळावं लागलं नाही. आपल्याकडे पीटीचा तास कुणाच्या मालकीचा असतो हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डिसेंबर उजाडला की गणिताचे सर तो मागून घेतात, विज्ञानाच्या बाई घेतात, आणि दहावीच्या वर्गाला तर तो नावापुरताच उरतो. त्यातही मैदान मुलांचं. मुली कडेला बसून केसांच्या वेण्या घालतात. मीही माझा तास कितीदा दिला आहे. समजूतदारपणा म्हणून दिला, आणि तो मुलींच्या वाटणीचा होता हे तेव्हा मनातही आलं नाही.

पण शाळा मिळाली म्हणजे पोटाचं झालं असं नाही, आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलींना तर काहीच आयतं मिळालेलं नव्हतं. ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर १९२१ च्या सप्टेंबरमध्ये स्त्रियांचा सामना झाला तेव्हा सुमारे दहा हजार लोक पाहायला आले होते. त्याच डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या अखत्यारीतली मैदानं स्त्रियांना बंद केली. खेळ स्त्रीदेहाला योग्य नाही, हे कारण. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं चालली. ऑस्ट्रेलियाच्या स्त्रियांना पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मिळाला तो १९७९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध. त्या काळच्या खेळाडूंनी देशाचं बोधचिन्ह आपल्या हातानं कपड्यांवर शिवलं. १९९९ मध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर, संघाकडे लोकांचं लक्ष जावं आणि चार पैसे जमावेत म्हणून राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी विवस्त्र छायाचित्रांचं कॅलेंडर काढलं. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं. देशाकडून खेळणाऱ्या मुलींना आपल्या खेळाकडे लोकांनी पाहावं म्हणून आधी आपला देह दाखवावा लागला, यात लाज त्या मुलींची नाही.

मग आलं २०१५ साल. जूनमध्ये कॅनडातल्या विश्वचषकात त्यांनी ब्राझीलला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. विश्वचषकात बाद फेरीचा सामना जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा तो पहिलाच संघ, पुरुषांनाही तोवर ते जमलं नव्हतं. आणि या खेळाडूंचं मानधन होतं वर्षाला सुमारे २१ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, तिथल्या किमान वेतनाहूनही कमी. सप्टेंबरमध्ये जगज्जेत्या अमेरिकेविरुद्ध अमेरिकेतच दोन सामने ठरले होते. तिकिटं विकली जात होती. संघानं सांगितलं, आम्ही येत नाही. खेळाडूंची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली, दौरा रद्द झाला, आणि नोव्हेंबरमध्ये नवा करार झाला. गिरणगावाची आठवण असलेल्या महाराष्ट्राला संप म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. तरी खेळाडूनं पैशाचं नाव काढलं की आपल्या कपाळाला आठी पडते. देशासाठी खेळायचं तर पैशाची भाषा कशाला, असं आपण म्हणतो, आणि हे आपण मुलीला दुप्पट वेळा ऐकवतो. भूक मात्र देशासाठी खेळणारीलाही लागते, आणि घरभाडं महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं.

कारपेंटर राष्ट्रीय संघात आली मार्च २०१६ मध्ये, ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत, वयाच्या पंधराव्या वर्षी. संपाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. तिच्यासाठी दार आधी कुणीतरी ढकलून ठेवलं होतं. ज्यांनी ते ढकललं त्यांतल्या बऱ्याचजणींची खेळाची वर्षं सरत आली होती, त्यांना स्वतःला त्याचं फारसं फळ मिळालं नाही. पुढं नोव्हेंबर २०१९ मध्ये पुरुष आणि स्त्री संघांना एकाच कराराखाली आणलं गेलं. राष्ट्रीय संघांच्या कमाईतला खेळाडूंचा वाटा दोघांना सारखा, विमानप्रवासाचा दर्जा सारखा, सरावाच्या सोयी सारख्या. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. एका मुलीची जिद्द हे कधीच करू शकली नसती. त्यासाठी सगळ्याजणींनी मिळून ‘नाही’ म्हणावं लागलं, आणि नंतर वकील घेऊन टेबलाशी बसावं लागलं.

तिच्या परदेशातल्या पहिल्या मुक्कामाची एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. २०१८ मध्ये पोर्टलँड थॉर्न्स या अमेरिकन क्लबनं तिला घेतलं. त्या लीगमध्ये तेव्हा अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सामन्यात उतरता येत नसे, म्हणून ती संघाबरोबर सराव करत वाढदिवसाची वाट पाहत राहिली. अठरा पूर्ण झाली आणि मैदानात उतरली. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलीच्या अठराव्या वर्षाची वाट पाहिली जाते. कशासाठी, ते मी लिहिण्याची गरज नाही.

तेव्हाच्या स्त्री खेळाडूचं वर्षही समजून घ्यावं. ऑस्ट्रेलियातली लीग उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अमेरिकेतली एप्रिल ते ऑक्टोबर. एका लीगच्या पैशावर वर्ष निघत नाही म्हणून खेळाडू एक संपली की विमानात बसून दुसरीकडे जायच्या. शरीराला विसावा नाही. पुरुष खेळाडूला हंगाम संपल्यावर सुट्टी असते, हिला दुसरा हंगाम. कारपेंटरनं हे दोन वर्षं केलं.

आणि त्याच पोर्टलँडचं नाव पुढं एका लाजिरवाण्या प्रकरणात आलं. ती तिथं पोचण्याच्या आधीच्या काळात त्या क्लबात असलेल्या एका प्रशिक्षकाविरुद्ध खेळाडूंनी २०२१ मध्ये उघडपणे लैंगिक जबरदस्तीचे आरोप केले. त्या ऑक्टोबरमध्ये लीगच्या सामन्यांत खेळाडूंनी सहाव्या मिनिटाला खेळ थांबवला आणि दोन्ही संघांच्या मुली मैदानाच्या मधोमध हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. वर्षभरानं सॅली येट्स या वकीलबाईंचा चौकशी अहवाल आला. तक्रारी ठाऊक असूनही प्रशिक्षक एका क्लबातून दुसऱ्या क्लबात कसे जात राहिले, ते त्यात लिहिलं आहे. त्याच २०२२ मध्ये आपल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यात सहाय्यक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं. मुलीला परगावच्या स्पर्धेला पाठवायला कचरणाऱ्या आईला आपण सहज मागासलेली म्हणून मोकळे होतो. तिची भीती खोटी नाही. संघाबरोबर जबाबदार बाई जाणार आहे का, मुलींची झोपायची सोय कुठं आहे, काही झालं तर तक्रार कुणाकडं करायची आणि ती ऐकणारा माणूस प्रशिक्षकाचा मित्र तर नाही ना, हे विचारायचा तिला हक्क आहे. या प्रश्नांची लेखी उत्तरं ज्या संस्थेकडे नाहीत, तिनं पालकांना धीट होण्याचा उपदेश करू नये.

आता गुडघ्याकडे येते, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथं येऊन थांबतो.

२१ मे २०२२. इटलीत तुरिनला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, लियाँ विरुद्ध बार्सिलोना. युरोपातल्या स्त्रियांच्या क्लब फुटबॉलमध्ये याहून मोठा सामना नाही. पाव तास होतो न होतो तोच कारपेंटर खाली पडली. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एक पट्टा असतो, त्याला खेळाडू एसीएल म्हणतात. तो तुटला होता. लियाँ ३-१ जिंकलं. ही बाईसाहेब युरोपची विजेती झाली, आणि त्याच दिवशी तिच्यापुढं अनेक महिन्यांचा बिछाना, कुबड्या आणि व्यायाम येऊन उभे राहिले.

एसीएल तुटला की तो सहसा आपोआप जुळत नाही. खेळाडूच्याच मांडीतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून स्नायुबंधाचा तुकडा काढून तो आत बसवतात. मग पाय वाकवायला शिकायचं, चालायला शिकायचं, पळायला शिकायचं, आणि शेवटी पळता पळता वळायला. नऊएक महिने जातात, कधी वर्षही. स्त्री खेळाडूंना ही दुखापत पुरुषांहून कितीतरी अधिक होते. कारणांवर डॉक्टरांत अजून वाद आहेत. कंबर आणि गुडघ्याची ठेवण, संप्रेरकं, पुरुषांच्या पावलावरून बेतलेले बूट, खराब मैदानं. एक कारण मात्र मला घरातलंच वाटतं. मुलाला लहानपणापासून भिंतीवरून उड्या मारायला मिळतात. मुलीला उडी मारली की ओरडा बसतो. पडावं कसं आणि दोन्ही पायांवर उतरावं कसं हे शरीर ज्या वयात शिकतं, त्या वयात आपण तिला पाय जवळ घेऊन बसायला शिकवत असतो.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. फिफाच्या डॉक्टरांनी ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम बसवला आहे. पळणं, उड्या, तोल सांभाळणं, मांड्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद. त्याला साधनं लागत नाहीत. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवरच त्याची पारख झाली, २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि ज्या संघांनी तो नेमानं केला त्यांच्यात दुखापती बऱ्याच कमी झाल्या. वीस मिनिटं आणि शिकवणारं माणूस, एवढंच लागतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेला हे परवडेल, पीटीचा तास जागेवर असेल तर.

कारपेंटर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला परत खेळू लागली. तिची जिद्द होतीच, ती मी नाकारत नाही. पण त्या काळात तिच्याकडे करार होता, क्लबाचे डॉक्टर होते, रोज सोबत असणारे फिजिओ होते. ती झोपून असताना तिच्या आईवडिलांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

कित्येक वर्षांपूर्वी माझ्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. बचाव फळीत खेळायची. अंगानं बारीक, पण चेंडू कुठं पडणार हे तिला आधी कळायचं. जिल्ह्याच्या संघासाठी तिचं नाव आलं, तेव्हा तिची आई मला भेटायला आली. कापडाच्या दुकानात कामाला होती, दुपारच्या सुट्टीत आली होती. म्हणाली, “बाई, खेळू दे की. माझं काही नाही. पण लागलं तर कोण बघणार?” मी म्हणाले, “अहो, काही होत नाही. केवढी जिद्द आहे तिच्यात.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. पुन्हा म्हणाली, “ते आहे हो बाई. पण पाय मोडला तर दवाखान्याचं कोण भरणार? ह्यांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेकडे नव्हतं, स्पर्धा भरवणाऱ्यांकडेही नव्हतं. मुलगी गेली नाही. पुढं कितीतरी वर्षं मी ही हकीकत आईच्या कोत्या विचारांचं उदाहरण म्हणून सांगत आले. त्या दिवशी त्या खोलीत एकच नेमका प्रश्न विचारला गेला होता, आणि तो तिनं विचारला होता, हे समजायला मला पार निवृत्त व्हावं लागलं.

मोठ्या, श्रीमंत क्लबातही हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. लियाँमध्येच कारपेंटरची एक सहकारी होती, आइसलँडची सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर. २०२१ मध्ये ती गरोदर राहिली, बाळंतपणासाठी मायदेशी गेली, आणि क्लबनं तिचा पूर्ण पगार दिला नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फिफाचा नवा नियम लागू झाला होता: किमान चौदा आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि त्या काळात किमान दोनतृतीयांश पगार. खेळाडूंच्या जागतिक संघटनेला घेऊन ती फिफाच्या न्यायाधिकरणापुढं गेली आणि २०२२ मध्ये जिंकली. ८२ हजारांहून अधिक युरो क्लबला द्यावे लागले. स्त्रियांच्या फुटबॉलसाठी युरोपात लियाँइतकं कुणी केलेलं नाही, आठ वेळा त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली आहे. तरी कागदावर नियम नसता तर त्या आईला तिथं कुणी विचारलं नसतं. चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर मुलींना सोडू नये, असं मी म्हणते ते यासाठी. चांगुलपणाचा मूड बदलतो, नियम दाखवता येतो.

कपड्यांचंही थोडं. आगरकरांनी ‘सुधारका’त ‘स्त्रियांनी जाकिटें घातलीं पाहिजेत’ या मथळ्याचा निबंध लिहिला तेव्हा अनेकांना तो विषय क्षुल्लक वाटला असेल. बाईच्या अंगावर काय असावं हे ठरवताना तिच्या हालचालीचा, तिच्या सोयीचा विचार आधी करावा, ही त्यातली तळमळ जुनी झालेली नाही. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीत धावताना जीव धास्तावलेला असतो, हे २०२३ च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडच्या मुलींनी सांगितलं आणि त्यांची चड्डी निळी झाली. इतर काही संघांनीही पांढरा रंग सोडला. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही हे मागावं लागलं. मग आपल्या शाळेतली सहावी-सातवीतली मुलगी, जिच्या शाळेत स्वच्छतागृहाला कडी नाही आणि पाण्याची बादली रिकामी आहे, ती मैदान सोडते तेव्हा तिला खेळाची आवड नव्हती असं कसं म्हणायचं?

या सगळ्यात आपण पूर्वीपासूनच मागं होतो, असं समजायचंही कारण नाही. १९८० मध्ये कालिकतला स्त्रियांची आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली. भारत उपविजेता ठरला. त्या स्पर्धेत पश्चिम ऑस्ट्रेलियाचा संघही खेळला होता. १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता. म्हणजे आपल्या मुली आणि त्यांच्या मुली एकाच ओळीत उभ्या होत्या. नंतर तिकडे करार झाले, संप झाले, शाळेच्या वेळापत्रकात तास आले. इकडे २००३ नंतर जवळपास दोन दशकं आपण आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत दिसलो नाही. २००९ मध्ये तर बराच काळ सामनाच न खेळल्यामुळे जागतिक क्रमवारीतून भारताचं नाव गेलं होतं.

जानेवारी २०२२ मध्ये आशिया चषकाची स्पर्धा आपल्या दारात आली. नवी मुंबई, अंधेरी, पुण्याचं बालेवाडी. अंधेरीत ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाला १८-० असं हरवलं. त्या संघात कारपेंटर होती. बालेवाडीत त्याच ऑस्ट्रेलियाला दक्षिण कोरियानं एका गोलनं घरी पाठवलं. आणि यजमान भारत? इराणशी बरोबरी झाली, मग संघात करोना शिरला, चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, आणि नियमानं आपला संघ स्पर्धेतून बाहेर गेला. त्या मुलींनी घरच्या मैदानावर खेळण्यासाठी आयुष्याची किती वर्षं दिली असतील. नंतर जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच च्यांग माईमध्ये २-१ असं हरवून भारतानं पहिल्यांदा पात्रता फेरीतून, स्वतःच्या पायांवर, पुढच्या आशिया चषकात जागा मिळवली. तो चषक ऑस्ट्रेलियात. मी त्या रात्री रडले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी शोधत होते की या मुलींना महिन्याला किती पैसे मिळतात, वर्षात किती सामने मिळतात, दुखापत झाली तर कोण बघतं. जिद्दीबद्दल भरपूर होतं.

शेवटी कारपेंटरच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे. १६ ऑगस्ट २०२३, सिडनी, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड. स्टेडियममध्ये ७५ हजार ७८४ माणसं. बरोबरी चालू आहे. इंग्लंडच्या बाजूनं एक लांब चेंडू येतो, कारपेंटर त्याच्याजवळ आहे, पण तो तिला आवरत नाही, आणि लॉरेन हेम्प मधे घुसून गोल करते. ऑस्ट्रेलिया ३-१ हरलं. बचावपटूच्या शंभर अडवणुका कुणाला आठवत नाहीत, ही एक सगळ्यांना आठवते. लोक तिला नाही नाही ते बोलले. तरीही तिला संघातून काढलं गेलं नाही. लियाँनं तिला ठेवलं, पुढच्या वर्षी ती पॅरिस ऑलिंपिकला गेली, नंतर चेल्सीनं करार दिला. ती चूक झाली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि चुकायला तिला जागा होती. आपल्या मुलीला एकदाच संधी मिळते, तीही सगळ्या घरादाराला पटवून. ती एकदा हरली, सहामाहीत गुण कमी पडले, घरी यायला एक दिवस उशीर झाला, की बूट माळ्यावर जातात. मुलगा हरला तर पुढच्या वेळी जिंकेल. मुलगी हरली तर बघा, आम्ही म्हणत होतो ना.

निवृत्त झाल्यापासून मी आणि आमच्या भागातल्या काही आया मिळून एक कागद घेऊन फिरतो आहोत. चार शाळांत दिला आहे. त्यात चार ओळी आहेत. मुलींचा पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. स्पर्धेला जाताना संघाबरोबर एक बाई असावी आणि मुक्कामाचा पत्ता घरी लेखी द्यावा. सरावाआधी वीस मिनिटांचा तो व्यायाम व्हावा. आणि शाळेच्या नावानं खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचा अपघात विमा शाळेनं किंवा संस्थेनं काढावा, हप्ता पालकांकडून घेऊ नये. तासाचं दोन शाळांनी मान्य केलं. बाईचं तिघांनी. व्यायाम एका शाळेत सुरू झाला आहे, मुली त्याला ‘नॉर्वे’ म्हणतात. विम्याच्या ओळीवर चारही ठिकाणी सही राहिली आहे. मला सांगतात, “बाई, मुलींमध्ये जिद्द हवी.” कापड दुकानातल्या त्या बाईंचा प्रश्न मी त्या ओळीखाली शाईनं लिहून ठेवला आहे, आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडल्या की तोच कागद घेऊन पुन्हा जाणार आहे.